घाट अर्धा चढला की बंद होणारी टिकटिक: एका हॅचबॅकचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाईत राहणाऱ्या आणि रोज पाचगणीला शाळेत शिकवायला जाणाऱ्या एका शिक्षिकेच्या गाडीचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत. दोष आणि तो सापडण्याचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

गाडी 2018 सालची हॅचबॅक. 1.2 लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आडवं बसवलेलं. रीडिंग नव्वद हजारांच्या पुढे गेलेलं. पहिल्यापासून एकाच हातातली गाडी, ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदललेले. कागदावर तरी तक्रारीला जागा नव्हती.

गाडीचा रोजचा रस्ता इथे महत्त्वाचा आहे. वाई सोडल्यावर लगेच पसरणी घाट लागतो, म्हणजे इंजिन पुरतं तापायच्या आत त्याच्यावर चढाचा भार येतो. घाटभर दुसरा-तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर दाबलेला. परत येताना सगळं उलट होतं: गिअरमध्ये पाय सोडून उतार, म्हणजे इंजिनाला पेट्रोल जवळजवळ मिळतच नाही आणि एक्झॉस्टमधून नुसती हवा वाहते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा जळका वायू गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा भाग, सकाळी झपाट्याने तापतो आणि दुपारी उतारावर तितक्याच झपाट्याने निवतो. पावसाळ्यात वर पाण्याचे फवारेही बसतात. सपाट रस्त्यावर तेवढेच किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा या मॅनिफोल्डने बरंच जास्त सोसलेलं असतं.

तक्रार

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटमधून टिक्-टिक्-टिक् असा कोरडा आवाज यायचा. घाटाच्या पहिल्या वळणांवर तो चांगलाच वाढायचा आणि अर्ध्या घाटात आपोआप बंद व्हायचा. परतीच्या वाटेवर कधीच नाही. जवळजवळ चार महिने हे चाललं होतं. ॲव्हरेज आधी सतरा-अठराचं होतं, ते पंधराच्या आसपास आलं होतं.

आमच्या गॅरेजमध्ये येण्याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एका गॅरेजमध्ये टॅपेटचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) आवाज असल्याचं निदान झालं. तिथे जाड ग्रेडचं ऑइल टाकलं, सायलेन्सरच्या पत्र्याला क्लिप मारली, आणि आवाज राहिला तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागेल असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला, एकही कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेली बिघाडाची खूण) निघाला नाही, म्हणून गाडी ठीक आहे असा शेरा मिळाला. दोन्हीकडे गाडी पोचली तेव्हा इंजिन गरम होतं आणि आवाज बंद होता. आमच्याकडेही ती तशीच आली.

मॅडमनी फोनवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. ते गाडीत बसून केलेलं होतं, त्यामुळे आवाजाचा पोत कळत नव्हता, पण ठोके मोजता येत होते. गाडी स्लोला, म्हणजे उभी राहून नुसती चालू असताना, सेकंदाला सहा-सात. आठशे आरपीएमला क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) मिनिटाला आठशे फेरे घेतो. प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणजे मिनिटाला चारशे वेळा, सेकंदाला साडेसहाच्या थोडं वर. म्हणजे आवाज एकाच सिलिंडरशी बांधलेला होता. मात्र एकच टॅपेट वाजत असला तरी ठोके इतकेच पडतात. त्यामुळे ठोके मोजून टॅपेट की एक्झॉस्ट याचा निकाल लागत नाही. आमच्या धंद्यातले पुष्कळ अनुभवी लोकही याच जागी फसतात.

बोलता बोलता एक गोष्ट निघाली, आणि आवाजापेक्षा तिचीच काळजी जास्त वाटली. कुणीतरी मॅडमना सांगितलं होतं की गाडी गरम झाली की आवाज जातो, तेव्हा सकाळी पाच-सात मिनिटं चालू ठेवत जा. त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दार अर्धवट लोटून, गाडी चालू ठेवत आणि आत बसून वह्या चाळत. थंडी म्हणून ब्लोअर चालू. "वास येतो थोडा, आणि शाळेत पोचेपर्यंत डोकं जड होतं," असं त्या सहज म्हणाल्या.

पहिला निर्णय: तपासाआधी काय थांबवायचं

एक्झॉस्ट पुढच्या बाजूलाच फुटला असेल, तर तिथून निघणारा वायू कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत (विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यापर्यंत) पोचलेलाच नसतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळत असल्यामुळे सकाळी त्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त असतं. ब्लोअर बाहेरची हवा घेतो ती काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेवरूनच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. मॅडमना जो वास यायचा तो त्याच्यासोबतच्या बाकीच्या वायूंचा. वास आला नाही म्हणून हवा चांगली आहे, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

निदान अजून झालं नव्हतं, तरी तीन गोष्टी तिथल्या तिथे सांगितल्या. शेडमध्ये गाडी चालू ठेवणं आजपासून बंद. सुरू केली की लगेच बाहेर काढायची. दुरुस्ती होईपर्यंत काचा खाली ठेवायच्या आणि ब्लोअर बंद. डोकं खरंच या वायूमुळे जड होत होतं का, हे आम्ही ठरवू शकत नव्हतो, म्हणून डॉक्टरांना हे सगळं सांगून दाखवून घ्या असंही म्हटलं. दोष निश्चित झाल्याशिवाय ग्राहकाला घाबरवू नये, असा आमच्याकडे एक शिरस्ता आहे. इथे तो पाळायचं कारण नव्हतं.

कोणकोणत्या शक्यता होत्या

थंड इंजिनावर येऊन गरम झाल्यावर जाणारे टिकटिकीचे आवाज मोजकेच आहेत. हायड्रॉलिक टॅपेटमधलं ऑइल रात्रीत उतरलं तर सुरुवातीला टिकटिक होते, पण ऑइलचं प्रेशर आलं की ती काही सेकंदांत थांबते. घाट अर्धा चढेपर्यंत टिकत नाही. शिवाय टॅपेटचा आवाज आरपीएमबरोबर वाढतो, पण चढावर भार पडला म्हणून त्याला विशेष फरक पडत नाही. मॅडमचं "घाटात वाढतो" हे वाक्य टॅपेटच्या विरोधात जात होतं. आधीच्या गॅरेजमध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

खरा प्रतिस्पर्धी होता पिस्टन स्लॅप. सिलिंडरची झीज झाली की थंड असताना पिस्टन भिंतीवर आपटतो. तापला की फुगतो आणि आवाज बंद होतो. भाराबरोबर हा आवाजही वाढतो. म्हणजे लक्षणांनुसार तो एक्झॉस्टच्या लीकशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, आणि खर्च मात्र पूर्ण इंजिन खोलण्याचा. सैल स्पार्क प्लगही असाच चिक्-चिक् वाजतो. इंजेक्टरची (पेट्रोल फवारणाऱ्या भागाची) टिकटिक असते, पण ती गरम-थंड दोन्हीला सारखीच. सैल हीट शील्ड (मॅनिफोल्डवरचा उष्णता अडवणारा पत्रा) झणझणतं आणि ठराविक आरपीएमलाच.

मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग फुंकत असेल, तर थंडपणी फट उघडी असते आणि दर ठोक्याला वायू बाहेर फुटतो. लोखंड तापून फुगलं की फट दाबली जाते आणि आवाज बंद. गाडी बरी झालेली नसते, फक्त फट मिटलेली असते.

दुसरा निर्णय: गाडी रात्री ठेवून घ्यायची

गरम इंजिन पुढ्यात ठेवून पुढचे अंदाज बांधण्यात अर्थ नव्हता. गाडी रात्रभर आमच्याकडे राहू द्या, असं सांगितलं. मॅडमच्या दृष्टीने हे सोपं नव्हतं, दुसऱ्या दिवशी शाळा होती आणि एसटीने जावं लागणार होतं. गॅरेजवाल्याच्या दृष्टीनेही एक गाडी रात्रभर जागा अडवते आणि सकाळी लवकर कुणीतरी यावं लागतं. म्हणूनच बहुतेक ठिकाणी हे टाळलं जातं आणि "आवाज आला की घेऊन या" असं सांगून गाडी परत जाते. ज्या आवाजाला थंड इंजिन लागतं, तो गाडी चालवत आणून ऐकवता येणारच नाही.

संध्याकाळी गाडी निवायच्या आधी दोन कामं उरकली. स्कॅनरवर कोड पाहायचं सोडून लाइव्ह डेटा पाहिला. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, स्लोला अधिक 12 टक्के होता. अडीच हजार आरपीएमला तो अधिक 4 वर उतरत होता. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी फट असेल तर दोन ठोक्यांच्या मध्ये दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर ते वाढवतो. आरपीएम वाढला की वायूचा लोंढा मोठा होतो आणि आत शिरलेल्या हवेचा हिस्सा नगण्य ठरतो. ॲव्हरेज का घसरलं याचं उत्तर इथे दिसत होतं. बहुतेक गाड्यांत कोड पडायला हा आकडा वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास जावा लागतो, म्हणून स्कॅनर गप्प होता. अर्थात इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या बाजूला, हवा लीक असली तरी ट्रिम असाच दिसतो. त्यामुळे हा पुरावा संशय वाढवणारा होता, निकाल देणारा नव्हता.

दुसरं काम म्हणजे मॅनिफोल्डवरचं हीट शील्ड काढून ठेवणं, म्हणजे सकाळी सांधा थेट डोळ्यांसमोर येईल. त्याचे बोल्ट गंजलेले होते आणि सकाळी त्यात वेळ गेला असता. चारही स्पार्क प्लगना पाना लावून पाहिला, घट्ट होते.

सकाळची पाच मिनिटं

अशा तपासात हातात वेळ असतो तो इंजिन तापेपर्यंतचा, चार-पाच मिनिटांचा. तो वाया गेला तर पुन्हा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. म्हणून कुठली टेस्ट आधी आणि कुठली नंतर, हे रात्रीच ठरवून ठेवलं होतं. इंजिन सुरू न करता जे होईल ते सगळ्यांत आधी.

सायलेन्सरच्या तोंडाला हँड ब्लोअर लावून, भोवती चिंधी गुंडाळून, उलटी हवा भरली. मग मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं. गिअरबॉक्सच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरच्या पोर्टच्या खालच्या कडेला फेस यायला लागला. आधी मोहरीएवढे बुडबुडे, मग एकाला एक लागून फुगणारे. तिथेच हेडच्या ॲल्युमिनियमवर काळ्या काजळीचा पंख्यासारखा फाटा उमटलेला होता. शील्डखाली तो इतके दिवस झाकलेला होता.

पण खाली, मॅनिफोल्डला पुढचा पाइप जोडतो तिथेही थोडे बुडबुडे आले. म्हणजे लीक दोन होते, आणि आवाज यांपैकी कशाचा हा प्रश्न उरला. लीक सापडला म्हणजे आवाज सापडला, असं नसतं. इथे थांबलो असतो आणि पिस्टन स्लॅपही असता, तर पॅकिंग बदलूनही आवाज तसाच राहिला असता.

इंजिन सुरू केलं. टिकटिक स्वच्छ ऐकू आली. आता एकेक सिलिंडर बंद करून पाहायचा. इथे बरेच जण इग्निशन कॉइलचा सॉकेट काढतात. त्याने त्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि तो जळायची भीती असते. आम्ही इंजेक्टरचे सॉकेट काढले, म्हणजे पेट्रोलच बंद. पहिला, दुसरा, तिसरा काढला तेव्हा इंजिन थरथरलं पण टिकटिक तशीच राहिली. चौथा काढल्याबरोबर टिकटिक जवळजवळ गेली.

यातून दोन गोष्टी ठरल्या. एक, टॅपेट नाही, कारण सिलिंडर पेटला नाही तरी टॅपेट तेवढाच वाजतो. दोन, खालच्या सांध्याचा लीक हा आवाजाचा धनी नाही, कारण तिथून चारही सिलिंडरचा वायू जातो आणि एक बंद केल्याने तिथला आवाज थांबला नसता. पिस्टन स्लॅप मात्र या टेस्टने बाद होत नाही. सिलिंडर पेटला नाही की पिस्टनही कमी आपटतो. ही टेस्ट करून "एक्झॉस्टच" असं ठामपणे सांगणारे लोक आहेत, त्यांनी याचा विचार करावा.

म्हणून तिसरी टेस्ट. जाड हातमोजा घालून, ओल्या कापडाने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरलं. आतला दाब वाढला आणि टिकटिक एकदम तीक्ष्ण झाली, कापड सोडलं की पूर्ववत. पिस्टनच्या आवाजाला सायलेन्सरच्या तोंडाशी देणंघेणं नसतं. स्टेथोस्कोपची काडी ब्लॉकवर टेकवली तर आवाज बारीक, मॅनिफोल्डच्या कडेला ठणठणीत. पाचव्या मिनिटाला आवाज विरला, तोवर निकाल लागला होता.

तिसरा निर्णय: दुरुस्ती किती खोल करायची

मॅनिफोल्ड उतरवताना कळलं की चौथ्या सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाचा स्टड (हेडमध्ये बसवलेला, वर नट लावायचा बिनटोपीचा बोल्ट) तुटलेला आहे. नट गायब, स्टडचे दोन-तीन आटे हेडच्या बाहेर उरलेले. टोकाचाच स्टड का तुटतो, यालाही हिशेब आहे. मॅनिफोल्ड साधारण तीनशे मिलिमीटर लांब, बिडाचा. चढावर तो 500 अंशांच्या आसपास तापतो आणि दीड मिलिमीटरच्या जवळपास लांबतो. ॲल्युमिनियम खरं तर बिडाच्या दुपटीने फुगतं, पण पाण्याने थंड राखलेलं हेड शंभर अंशांच्या आसपासच असतं, म्हणून ते अर्धा मिलिमीटर लांबतं. उरलेला एक मिलिमीटर दोन्ही टोकांना वाटला जातो आणि टोकाचे स्टड रोज वाकतात, सरळ होतात. त्यासाठी मॅनिफोल्डची टोकाची भोकं मुद्दाम मोठी ठेवलेली असतात. या गाडीत ती गंज आणि काजळीने गच्च भरलेली होती.

मॅडमसमोर पर्याय ठेवले. पहिला, स्टड आणि पॅकिंग बदलून गाडी बसवायची, संध्याकाळपर्यंत मोकळी. दुसरा, मॅनिफोल्डची सपाटी आणि तडा तपासून, गरज पडली तर फेसिंग (तोंड मशीनवर घासून सपाट) करून मगच बसवायचं, एक दिवस जास्त. तिसरा, नवीन मॅनिफोल्ड. चौथा पर्याय म्हणजे बाहेरून एक्झॉस्ट पेस्ट भरणं. तो फक्त नको म्हणून सांगण्यासाठीच सांगितला, कारण बाहेर कुणीतरी तो सुचवणारच असतं.

मॅडमनी विचारलं, "दादा, पहिल्याने काम होणार नाही का?" प्रश्न रास्त होता. स्टीलची पट्टी मॅनिफोल्डच्या तोंडावर आडवी धरून त्यांना दाखवली. चौथ्या पोर्टपाशी पट्टीखालून उजेड दिसत होता, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) 0.35 मिलिमीटरचं आत गेलं. मॅन्युअलमधली मर्यादा याच्या निम्म्याहूनही कमी आहे. अशा वाकड्या तोंडावर नवं पॅकिंग काही महिने टिकलं असतं आणि नवा स्टड पुन्हा ताणात राहिला असता.

तडा पाहायला मॅनिफोल्ड तारेच्या ब्रशने घासून त्यावर रॉकेल फासलं, दहा मिनिटांनी कोरडं पुसलं आणि खडूची पूड चोळली. तडा असता तर आत शिरलेलं रॉकेल पुडीतून वर येऊन ओली रेघ उमटली असती. कुठेही उमटली नाही. त्यामुळे नव्या मॅनिफोल्डचा खर्च वाचला आणि दुसरा पर्याय ठरला. फेसिंग साताऱ्यातून करून आणलं.

स्टड काढताना ड्रिल वापरायचं टाळलं. स्टड पोलादाचा, भोवतालचं हेड मऊ ॲल्युमिनियमचं. बिट जरा सरकलं की ते मऊ बाजूला जातं आणि हेड खराब होतं. त्याऐवजी बॅटरी सोडवून, उरलेल्या आट्यांवर नट ठेवून तो आतून वेल्ड केला. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते, आणि ॲल्युमिनियमला हे वेल्डिंग धरत नाही. पहिला नट पिळताना निखळला, दुसऱ्याला स्टड करकरत फिरला आणि आख्खा बाहेर आला. आटे शाबूत होते. बाकीचे स्टडही तेवढेच जुने, म्हणून सगळेच बदलले.

जे कारण खाली लपलं होतं

इथवर सगळं उलगडलं असं वाटत होतं. खालच्या सांध्याला आलेले बुडबुडे मात्र मनातून जात नव्हते, म्हणून गाडी रॅम्पवर घेऊन पाइप पुढून मागे हात लावत तपासला. मॅनिफोल्डच्या पुढे जाळीचा लवचिक तुकडा असतो, ज्याला सगळे फ्लेक्झिबल म्हणतात. तो जागेवर नव्हता. तिथे साध्या पाइपचा तुकडा वेल्ड केलेला होता. मधलं रबर हँगर तुटून सायलेन्सर बाइंडिंगच्या तारेने बांधलेला होता.

विचारल्यावर मॅडमना आठवलं. वर्ष-दीड वर्षापूर्वी प्रवासात सायलेन्सर फाटल्यासारखा आवाज आला होता, आणि रस्त्याकडेच्या दुकानात वेल्डिंग करून घेतलं होतं. तेव्हा आवाज थांबला, विषय संपला.

आडवं बसवलेलं इंजिन प्रत्येक पिकअपला मागे-पुढे डुलतं. सायलेन्सर मात्र गाडीच्या अंगाला टांगलेला असतो. दोघांमधला फरक फ्लेक्झिबल पचवतो. तो काढून सरळ पाइप जोडला की इंजिनाचं प्रत्येक डुलणं मॅनिफोल्डला पिळतं. घाटातली उष्णता स्टडला थकवत होतीच, वर हा पीळ आला. नुसत्या उष्णतेने स्टड कदाचित अजून काही वर्षं टिकला असता. सरळ पाइप आणि तार यांनी तो आधी नेला, असं आमचं मत आहे.

हा खर्च ठरलेल्या अंदाजाबाहेरचा होता, आणि मॅडमचा चेहरा उतरला हे खरं. फ्लेक्झिबल आणि हँगर पुढच्या महिन्यात केलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. चालणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. ते न करता मॅनिफोल्ड बसवणं म्हणजे नवे स्टड त्याच पिळात देणं होतं. हँगर किरकोळ किमतीचं निघालं, आणि सरळ तुकडा कापून बाजारातला फ्लेक्झिबल बसवल्याने पूर्ण पुढचा पाइप घ्यावा लागला नाही. मजुरी दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं.

बसवताना काही गोष्टी मुद्दाम पाळल्या. पॅकिंगला सिलिकॉन लावलं नाही. ते इथल्या उष्णतेत टिकत नाही आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. टोकाची मोठी भोकं घासून मोकळी केली. नट मधून टोकांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने मापानेच आवळले. जोर लावून आवळलेला नट मॅनिफोल्डला सरकू देत नाही आणि पुन्हा स्टडच तुटतो.

परिणाम

गाडी आणखी एक रात्र ठेवली. सकाळी थंड इंजिनावर आधी ब्लोअर आणि साबणाची टेस्ट: दोन्ही सांधे कोरडे. मग स्टार्ट. फक्त इंजेक्टरची नेहमीची बारीक किटकिट. फ्युएल ट्रिम जुना हिशेब धरून बसतो, म्हणून तो रिसेट केला. आठवड्याने मॅडम आल्या तेव्हा स्लोला तो अधिक 2 वर होता. दोन-तीन टाक्यांनंतर ॲव्हरेज पुन्हा सतराच्या पुढे गेलं. ब्लोअरमधून येणारा वास गेला, आणि डोकं जड होण्याची तक्रारही पुन्हा आली नाही.

जुन्या ग्रेडचं ऑइलही पुन्हा टाकलं. टॅपेटचा दोष नव्हताच, तर थंडीत सकाळी जाड ऑइल इंजिनाला द्यायचं कारण उरलं नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत आधी, वेल्डिंगच्या त्या दिवशी. रस्त्याकडेला सरळ पाइप जोडणं ही घरी पोचण्यापुरती सोय आहे. ती करणाऱ्याने "हे तात्पुरतं आहे, फ्लेक्झिबल टाकून घ्या" एवढं सांगितलं असतं, तर पुढचं सारं टळलं असतं. ग्राहकाला ते कळायला दुसरा मार्ग नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये हेड उतरवायचा सल्ला दिला गेला, तो थंड आवाज न ऐकता. आवाज ऐकल्याशिवाय खोलण्याचं काम सुचवू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी गाडी रात्रभर ठेवून घ्यायची तयारी हवी. जागा नसेल तर ग्राहकाच्या दारी सकाळी जाऊन यावं. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला होताच. कोडच्या पुढच्या पानावर फ्युएल ट्रिमचा आकडा होता, तो पाहायला दोन मिनिटं लागली असती.

तपासाच्या क्रमातही सुधारणा शक्य आहे. रॅम्पवरची पाहणी शेवटी झाली, ती संध्याकाळीच झाली असती तर सरळ पाइप आणि तार आधीच दिसली असती आणि खर्चाचा अंदाज मॅडमना एकदाच सांगता आला असता. आता आमच्याकडे एक्झॉस्टच्या आवाजाची गाडी आली की मॅनिफोल्डपासून टेलपाइपपर्यंत हात फिरवून मगच बॉनेट उघडतो. आणि "आवाज कधी येतो" याच्या आधी "सायलेन्सरला यापूर्वी कधी काय काम केलंय" हा प्रश्न विचारतो.

एका गोष्टीवर मतभेद होऊ शकतो. पहिल्याच दिवशी, निदान व्हायच्या आधी, कार्बन मोनॉक्साइडबद्दल इतकं स्पष्ट बोलावं का? आवाज टॅपेटचा निघाला असता तर मॅडमनी विनाकारण काही रात्री काळजीत काढल्या असत्या. तरीही बंद शेड, चालू ब्लोअर आणि जड डोकं हे तिन्ही एकत्र ऐकल्यावर बोलणं थांबवून ठेवणं मला पटत नाही.

मॅडमनी शेडचं मागचं दार काढून तिथे जाळी बसवून घेतली आहे. पावसाळा संपल्यावर स्टडचा टॉर्क आणि फ्लेक्झिबलची जाळी तपासायची नोंद त्यांच्या सर्व्हिस कार्डावर लिहून दिली आहे.